शेवटचं कडवं गाळू नका : सहा डिसेंबर ते चौदा जानेवारी, आपल्या हिवाळ्यातली गाणी

कोपीवरचा दिवा

जयभीम मंडळी. बरेच दिवस मनात होतं, आज लिहितो.

डिसेंबर लागला की सगळीकडे संगीत महोत्सवांची चर्चा सुरू होते. कुठे कोण गाणार, तिकिटं कधी मिळणार. चांगलंच आहे ते. पण आपल्याकडे याच दिवसांत गाण्याचा आणखी एक मोसम असतो आणि त्याला तिकीट नसतं. ६ डिसेंबरला चैत्यभूमी. २५ डिसेंबरला महाड, मनुस्मृती दहनाचा दिवस. १ जानेवारीला भीमा कोरेगाव, ३ जानेवारीला सावित्रीमाई आणि १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचं गेट. या चाळीस दिवसांत गावोगावच्या विहारात, समाजमंदिरात, मैदानात जेवढं गायलं जातं तेवढं वर्षभरात क्वचितच. (एप्रिल सोडून. एप्रिल आपला आहेच.) कविता, संगीत आणि राजकारण यांची फारकत या गाण्यात कधी झालीच नाही.

आमच्या मामांना सगळे मास्तर म्हणत. शाळा चौथीपर्यंत, पण गाणं शिकवायचे म्हणून मास्तर. माजलगावकडचे. दिवाळी झाली की उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन ऊसतोडीला जायचे, ते पार मार्चपर्यंत. त्यामुळे सहा डिसेंबरला दादरला जाणं त्यांना आयुष्यात दोनदाच जमलं. बाकीची सगळी वर्षं तो दिवस उसाच्या फडावर. मी आठ-नऊ वर्षांचा असताना एकदा त्यांच्यासोबत होतो. रात्री कोपीच्या (तोडकऱ्यांच्या झोपडीच्या) तोंडाशी बाबासाहेबांचा फोटो ठेवला होता, कॅलेंडरातून कापलेला. मेणबत्ती वाऱ्याने सारखी विझत होती म्हणून मामीने शेवटी कंदील आणला. सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं आणि मग मास्तरांनी डफ हातात घेतला. बोटांना वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या, पात्यांनी चिरा पडलेल्या. ते आधी डफ कंदिलावर धरून शेकायचे, थंडीने कातडं सैल पडतं म्हणून. मग गायचे.

त्यांची वही माझ्याकडे आहे. दोनशे पानी, लांबट, पुठ्ठ्याची. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर उजव्या कोपऱ्यात ‘चाल :’ आणि पुढे कुठल्यातरी जुन्या सिनेमाच्या गाण्याचे पहिले दोन शब्द. आणि प्रत्येक गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव. हे बघा :

मुकादम लिही टनाचा हिशेब,
पोरीच्या वर्षाचा लिहील का साहेब?
मास्तर पुसतो फडाच्या बांधावर,
बाबाची घटना पोचली का इथवर?

हे गाणं नव्वदच्या दशकात एका कॅसेटवर आलं. कंपनीचं नाव घेत नाही. खोक्यावर गायकाचं नाव, वादकांची नावं, गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’. आणि शेवटच्या कडव्यात ‘मास्तर’ काढून तिथे गायकाने स्वतःचं नाव बसवलेलं. मास्तर कॅसेट घेऊन आले, टेपवर लावली, शेवटपर्यंत ऐकली आणि बंद केली. बोलले काहीच नाहीत. पण त्यानंतर त्यांनी ते गाणं परत म्हटलं नाही. मागच्या १४ जानेवारीला एका तरुण पोराने हेच गाणं फार सुंदर म्हटलं, आवाज असा की अंगावर काटा आला. पण वेळ कमी म्हणून त्याने शेवटचं कडवं गाळलंच. आता तर मोबाईलवर तीस सेकंदांचे तुकडे फिरतात, तिथे मुखडा आणि पहिलं कडवं, संपलं.

माझं म्हणणं एवढंच की शेवटचं कडवं गाळू नका. लिहिणाऱ्याचं नाव त्यात असतं, आणि खरा प्रश्न बहुतेक वेळा तिथेच विचारलेला असतो.

जाता जाता. वही एकदा पावसात भिजली. याच गाण्याच्या तिसऱ्या कडव्यातली दुसरी ओळ पुसून गेली आहे. कुणी जुन्या गायन पार्टीतलं असेल, कुणाला आठवत असेल तर सांगा.

वाढ्याची पेंढी दहाला इकली,
— — — — —
पाटीवर पेन्सिल झिजवायची पोर,
हातानं ओढती मोळीचा दोर.

नागसेनवन

जयभीम भाऊ. वाचून गप्प बसलो बराच वेळ.

१४ जानेवारीचं सांगतो, कारण मी तिथेच वाढलोय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा, म्हणजे मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा, ठराव केला आणि मराठवाड्यात वस्त्या जळाल्या. त्यानंतर १६ वर्षं. लाँग मार्च झाला, लोक तुरुंगात गेले, जिवानिशी गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला, जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं. म्हणून त्या दिवशी गेटवर येणारा माणूस नुसता गाणं ऐकायला येत नाही, तो हिशेब घेऊन येतो. नांदेडच्या, परभणीच्या, जालन्याच्या बायका पांढऱ्या साड्या नेसून, भाकरी बांधून येतात आणि गेटच्या कमानीला हात लावून पाया पडतात. शेजारी चार-पाच स्टेजवर एकाच वेळी गाणी चालू असतात.

त्या सोळा वर्षांत वर्तमानपत्रं आमच्या वस्तीत येत नव्हती. गावात काय झालं, कोण मेलं, मुंबईत मंत्री काय बोलले, हे आम्हाला गाण्यातून कळायचं. शाहीर आज ऐकायचा आणि उद्या बांधून गायचा. मी लहानपणी नामांतराच्या दंगलीत मारले गेलेल्या पोचीराम कांबळेंचं नाव पहिल्यांदा गाण्यातच ऐकलं. शाळेच्या पुस्तकात कधी आलं नाही.

सुरावट

चांगला धागा. मी दर डिसेंबरला शास्त्रीय गाणं ऐकायला जाते, हे गाणं फारसं ऐकलेलं नाही, म्हणून मनापासून विचारते. राग मानू नका. चाल जर सिनेमाच्या गाण्याची असेल तर त्यातलं संगीत कुणाचं म्हणायचं? शब्द किती का चांगले असेनात, उसनी चाल ऐकताना मला मूळ गाणंच आठवत राहतं. कविता म्हणून आणि संगीत म्हणून याचा विचार वेगवेगळा करायला नको का?

जुनी पेटी

सुरावट ताई, मी तीस वर्षं गायन पार्टीत पेटी वाजवली, परळीकडे. आता बोटं वळत नाहीत. तुमचा प्रश्न रास्त आहे, सांगतो.

अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल १८८० चं. जुन्या संगीत नाटकांची छापील पुस्तकं उघडून बघा. प्रत्येक पदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून कुठल्यातरी आधीच्या पदाचे शब्द दिलेले असतात. कुणी कानडी पदावरून घेतली, कुणी लावणीवरून, कुणी पारशी नाटकावरून. त्याला आपण नाट्यसंगीत म्हणतो आणि मान देतो, आणि द्यायलाच हवा. मास्तरांच्या वहीतली ‘चाल’ त्याच घराण्यातली.

दुसरं, आमच्या पुढ्यात बसलेल्या हजार माणसांत नव्वद टक्के लोकांना वाचता येत नव्हतं. छापील गाणं वाटून काय उपयोग? चाल ओळखीची असली की दुसऱ्या वेळी धृपद आलं की सगळं मैदान कोरस धरायचं. तिसऱ्या दिवशी तेच धृपद विहिरीवर ऐकू यायचं. नवी चाल पोचायला सहा महिने लागले असते आणि तोवर तो प्रश्न शिळा झाला असता.

आणि चाल जशीच्या तशी राहतही नाही. सिनेमाचं गाणं सात मात्रांत असलं तरी आम्ही ते आठ मात्रांच्या केरव्यात आणायचो, कारण ढोलकीला आणि टाळीला तेच सोसतं. मधले व्हायोलिनचे तुकडे बेंजोवर घ्यायचे, ते वेगळेच व्हायचे. शब्द जड आला की गायक एक सूर ओढून धरायचा. मूळ गाण्यात ती जागाच नसायची. दोन हिवाळे गेले की लोक म्हणायचे, ही तर भीमगीताची चाल, सिनेमावाल्यांनी उचलली वाटतं.

सामन्यात तर विचारू नका. दोन पार्ट्या समोरासमोर, रात्री दहा ते पहाट. तिकडून एक प्रश्न गाण्यात यायचा, इथे आमचा कवी पेटीच्या मागे उकिडवा बसून सिगारेटच्या पाकिटावर उत्तर लिहायचा. मी दोन आवर्तनं जास्त वाजवून त्याला वेळ काढून द्यायचो. ते उत्तर त्याच चालीत यायला हवं, नाहीतर हार.

(ते ऊसतोडीचं गाणं मी वाजवलेलं आहे असं वाटतंय. आठवू द्या.)

सुरावट

मनापासून आभार, काका. दोन आवर्तनं जास्त वाजवून वेळ काढून देणं, हे मी मोठ्या मैफलीतही पाहिलेलं आहे, गायकाचा घसा बसला की साथीदार असंच करतो. या वर्षी १४ जानेवारीला येऊन ऐकेन.

गोदाकाठ

आमच्या नाशिकचं थोडं.

आंबेडकरी जलशाचा उगम शोधायचा तर भीमराव कर्डकांपाशी यावं लागतं. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, त्याच काळात कर्डकांनी जलसा उभा केला. सत्यशोधक जलशाची वाट आधीच पडलेली होती. तमाशाची मांडणी ठेवायची, आतला माल बदलायचा. गण, सवाल-जवाब, फार्स सगळं होतं, पण फार्सात चर्चा मेलेलं ढोर ओढायचं की नाही, पोराला शाळेत घालायचं की नाही, महारकीचं वतन सोडायचं की नाही. माझी दहा भाषणं आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, असं बाबासाहेब म्हणायचे, हे आमच्याकडची जुनी माणसं अजून सांगतात.

आणि वामनदादा कर्डक तर आमच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म १५ ऑगस्ट १९२२. मुंबईत कामगार म्हणून राहिले, अक्षरओळख मोठेपणी झाली. दुकानाच्या पाट्या वाचत वाचत शिकले. आणि मग हजारो गाणी. त्यांचं एक गाणं देशातल्या मोठ्या उद्योगपतींची नावं घेऊन विचारतं की या सगळ्या धनात आमचा वाटा कुठे आहे. अर्थशास्त्राचा अख्खा तास त्या एका धृपदात बसलाय. आणि जवळजवळ प्रत्येक गाण्याच्या शेवटी ‘वामन’ आहेच. धागाकर्त्याचं म्हणणं मला म्हणूनच पटलं. ‘वामन’ शब्द काढा आणि बघा, ओळ लंगडते. मात्रा त्या नावासकट मोजलेल्या असतात.

सावित्रीची नात

ही नाममुद्रा कुठून आली तेही बघायला हवं. तुका म्हणे, चोखा म्हणे. जोतीराव फुल्यांनी ‘अखंड’ नावाच्या रचना लिहिल्या तेव्हा त्यांनीही शेवटी ‘जोती म्हणे’ ठेवलं. वारकऱ्यांचा साचा घेतला आणि त्यात शेतकऱ्याच्या लुटीचा हिशेब मांडला. मास्तरांचं ‘मास्तर पुसतो’ त्याच रांगेत उभं आहे. फक्त एक फरक माझ्या लक्षात आला. संत ‘म्हणे’ लिहितात, मास्तर ‘पुसतो’ लिहितात.

पण मला बायकांच्या नावाचं बोलायचंय. सोयराबाईंच्या अभंगात मुद्रा येते ती ‘चोखियाची महारी’ अशी. स्वतःचं नाव तिथे बहुतेक नसतंच, नवऱ्याचं आणि जातीचं असतं. सहाशे वर्षांपूर्वी एवढी धारदार कविता करणारी बाई सही करते ती अशी. मग १८५४ मध्ये ‘काव्यफुले’ छापून येतं, त्यावर सावित्रीबाईंचं नाव. तेविसाव्या वर्षी. शाळेत पोरी शिकवायच्या, अंगावर शेण-चिखल झेलायचा आणि घरी येऊन शिक्षणावर, शूद्रांच्या स्थितीवर कविता लिहायच्या. त्या काळात याहून थेट राजकीय लिहिणं दुसरं कुठलं?

आणि ज्यांनी कुठेच सही केली नाही त्यांचं काय? माझी आजी जात्यावर बाबासाहेबांच्या ओव्या म्हणायची. मी लहान असताना ऐकल्यात, लिहून घेतल्या नाहीत, हे मला आयुष्यभर सलत राहील. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यात माजलगावच्या बायकांनी गायलेल्या भीमाच्या ओव्याही आहेत. मुख्य म्हणजे त्यांनी प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. धागाकर्ते, तुमच्या मामांच्या गावशेजारच्या बायका आहेत त्या. नक्की ऐका.

आज कडूबाई खरात एकतारीवर गातात तेव्हा मला आजीचा आवाज त्यातच सापडतो. मांडी घालून बसलेली बाई, हातात एकतारी, आणि समोर मोबाईल धरलेलं कुणीतरी.

वऱ्हाडी रोखठोक

जयभीम. सगळं पटलं, पण एक गोष्ट बोलतोच. आता जे नवीन गाने येऊन रायले ना, त्याच्यात प्रश्नच नाही रायला भाऊ. नुसता जयजयकार. वाघ, राजा, दरारा, बस. डीजेवर पोट्टे नाचतेत, नाचू द्या, त्याईचा आनंद आहे. पन शिष्यवृत्ती अडकली, होस्टेल बंद पडले, भरती होऊन नाही रायली, याच्यावर एक कडवं तरी लिहा न. मास्तरनं फडावर बसून घटनेचं विचारलं. आपन एसीत बसून काय विचारून रायलो?

इकडे आमच्या विठ्ठल उमपांनी २६ नोव्हेंबर २०१० ला दीक्षाभूमीच्या स्टेजवरच देह ठेवला. संविधान दिन होता. तसा शाहीर मले परत नाही दिसला.

नागसेनवन

रोखठोक दादा, उमप मुंबईचे, नायगावचे. पण तुमच्या मातीत गेले हे खरं.

जयजयकाराबद्दल थोडं वेगळं मत. ज्या वस्तीत बाबासाहेबांचं गाणं मोठ्याने लावलं म्हणून मारहाण होते, तिथे जयजयकार हासुद्धा राजकीयच असतो. पण प्रश्न हवेतच, यात वाद नाही.

पेरणे फाटा

प्रश्न विचारण्याची किंमतही लिहायला हवी. ३१ डिसेंबर २०१७ ला शनिवारवाड्यावर एल्गार परिषद झाली, तिथे गाणी झाली. दुसऱ्या दिवशी, भीमा कोरेगावच्या लढाईला २०० वर्षं होत असताना, कोरेगावला हिंसाचार झाला. मी त्या दिवशी आईला घेऊन जयस्तंभाकडे निघालो होतो, आम्ही अर्ध्या वाटेतून परत फिरलो. पुढे एल्गार परिषदेच्याच प्रकरणात सप्टेंबर २०२० मध्ये कबीर कला मंचाच्या तीन कलावंतांना अटक झाली. खटल्यात काय ठरायचं ते न्यायालय ठरवेल. पण गाण्याला अजूनही एवढं गंभीरपणे घेतलं जातं, हे नव्या पोरांनी ध्यानात ठेवून लिहावं आणि लिहीतच राहावं.

आणि २५ डिसेंबरबद्दल कुणी बोललं नाही. नाताळच्या सुट्टीत तेव्हा देशभर परिषदा आणि अधिवेशनं भरत. १९२७ ला महाडला परिषद भरली ती त्याच सुट्टीत. मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला. सभेसाठी जागा मिळेना तेव्हा ती फत्तेखान यांनी दिली. ही दोन नावंसुद्धा गाण्यात यायला हवीत. माझ्या माहितीत एकाच गाण्यात आहेत, आणि तेही शेवटच्या कडव्यात.

सुरावट

ते गाणं इथे लिहाल का?

पेरणे फाटा

लिहिणारे हयात आहेत. त्यांना विचारून, त्यांच्या नावासकट टाकतो.

कोपीवरचा दिवा

सगळ्यांचे आभार. ‘म्हणे’ आणि ‘पुसतो’ यातला फरक माझ्या इतक्या वर्षांत लक्षात आला नव्हता. आज वही काढून परत बघितली. एकूण ६३ गाणी आहेत, त्यातल्या ४१ गाण्यांत ‘मास्तर पुसतो’ किंवा ‘पुसे मास्तर’. एकातही ‘म्हणे’ नाही.

त्या तरुण गायकाचा नंबर मिळाला, काल बोललो. त्याला शेवटचं कडवं माहीतच नव्हतं. त्याने ते गाणं कॅसेटवरून नाही, दुसऱ्याच्या मोबाईलमधल्या तुकड्यावरून उचललं होतं. मी फोनवर म्हणून दाखवलं. तो म्हणाला, ‘दादा, परत एकदा म्हणा, लिहून घेतो.’ मग म्हणाला, ‘हे कुणाचं आहे हे मला कुणी सांगितलंच नाही.’ या १४ जानेवारीला तो पूर्ण गाणं म्हणणार आहे. मामीला घेऊन जातोय. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, पण येते म्हणाली.

फक्त ती एक ओळ.

जुनी पेटी

आठवली.

दोन दिवस डोक्यात चाल फिरवत होतो, शब्द येत नव्हते. आज सकाळी नातीच्या खेळण्यातल्या पियानोवर धृपद वाजवलं आणि हात आपोआप तिसऱ्या कडव्यात थांबला. तिथे मास्तर मला पेटी बंद करायला सांगायचे. नुसत्या डफावर ती ओळ म्हणायचे, अगदी हळू, आणि पुढच्या ओळीला परत पेटी उचलायची. थांबायचं होतं म्हणूनच ती जागा लक्षात राहिली.

वाढ्याची पेंढी दहाला इकली,
आईच्या पाठीला लेक टेकली.

त्या पोराला सांगा, इथे पेटी नको.

कोपीवरचा दिवा

काका, मामीला फोनवर वाचून दाखवली. पुढच्या दोन ओळी तिने स्वतःच म्हटल्या.

वहीत लिहिली. पेन्सिलने नाही, पेनाने. खाली तुमचं नाव आणि आजची तारीख घातली आहे.